जानेवारीत लेक टेक्सोमावर गाईडबरोबर स्ट्राइपर, फक्त ल्युअरवर. कोणी गेलंय का?

उजनीकाठ

नमस्कार. जानेवारीत पहिल्यांदाच अमेरिकेला जातोय. मुलगी आणि जावई डॅलसजवळ प्लॅनोला असतात. माझा गळाचा नाद जावयाला माहीत आहे, म्हणून त्याने लेक टेक्सोमावर एका गाईडची अर्ध्या दिवसाची बोट बघून ठेवली आहे. मासा स्ट्राइप्ड बास, तिकडे नुसतं स्ट्राइपर म्हणतात. पैसे भरायच्या आधी इथल्या जाणकारांना विचारावं म्हटलं, कारण गाईडने फोनवर सांगितलेलं निम्मं मला नवीन आहे.

मी कसली मासेमारी करतो ते आधी सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्याला अंदाज येईल. वर्कशॉपात फिटर होतो, राहायला सांगवी. सुट्टी मिळाली की उजनीचं पळसदेवकडचं पाणी, नाहीतर वरसगावचा फुगवटा. कणीक आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा, तळाला शिसं, रॉड दगडाला टेकवलेला, टोकाला घुंगरू. घुंगरू वाजलं की उठायचं. कटला, रोहू, मृगळ, चिलापी हे माझे मासे. मरळीसाठी पोरं प्लॅस्टिकचा बेडूक फेकतात ते पाहिलंय, पण स्वतः ल्युअर, म्हणजे असलं नकली आमिष, कधी बांधलेला नाही.

आता हा गाईड म्हणतो की हिवाळ्यात तो जिवंत आमिष बोटीवर ठेवतच नाही. सगळं काम ल्युअरवर, आणि रॉड पूर्ण वेळ हातात. आपल्याकडे डिसेंबर उजाडला की कटला-रोहू तोंड आखडतात. तिकडे तर पाणी त्याहून कितीतरी गार. मग तिथला मासा रबराच्या तुकड्याला तोंड कशाला लावेल?

दुसरं, माझा उजवा खांदा दुखरा आहे. चार तास फेकत राहणं जमणार नाही. तिसरं, जावयाच्या मित्राची स्वतःची बोट आहे. तो म्हणतो गाईडला पैसे कशाला देता, आपणच जाऊ. तर गाईड खरंच लागतो का? आणि कपडे काय न्यावेत? माझ्याकडे स्वेटर, कानटोपी आणि मफलर आहे. सौ. येणार नाही म्हणते, ती घरीच थांबेल, तेव्हा फक्त माझी आणि जावयाची सोय बघायची आहे.

नीराकाठची

काका, नक्की जा, आणि गाईड घेऊनच जा.

मी मूळची सासवडची. वडिलांबरोबर वीर धरणावर गळ टाकत मोठी झाले, पुढे नोकरीमुळे बरीच वर्षं ॲलनला होते, म्हणजे प्लॅनोच्या शेजारचंच गाव. तिथून हायवे ७५ धरला की सरळ उत्तरेला साधारण तासाभरात डेनिसन, आणि डेनिसनलाच या तलावाचं धरण आहे. दर हिवाळ्यात जायचे. आता औंधला असते.

थंडीत मासा खातो का, हा तुमचा प्रश्न अगदी मुळाचा आहे. कटला-रोहू उबदार पाण्याचे. स्ट्राइपर अटलांटिक किनाऱ्याचा, त्याला थंड पाणी मानवतं. त्याचे हाल होतात ते उन्हाळ्यात: वरचं पाणी नको इतकं तापलेलं आणि खालच्या गार पाण्यात प्राणवायू नाही, अशा मधल्या पट्ट्यात तो अडकतो. हिवाळ्यात तलावाचं पाणी वरपासून तळापर्यंत मिसळून जातं, प्राणवायू सगळीकडे पोचतो आणि मासा मोकळा होतो. दहा फुटांवर सापडेल तसा साठ फुटांवरही सापडेल. आणि मोठा मासा लागायची खरी वेळ हीच.

तो खातो काय, तर शॅड. चंदेरी, चपटे, थव्याने फिरणारे मासे. टेक्सोमात त्यांच्या दोन जाती आहेत: थ्रेडफिन लहान, गिझर्ड शॅड वीतभर किंवा त्याहून मोठा. थ्रेडफिनला थंडी सोसत नाही. पाणी ७ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं की तो लुळा पडतो, कलंडतो, थोडा फडफडतो आणि हळूहळू खाली जातो. वर तरंगणाऱ्या थव्यातून असे एकेक मासे गळत राहतात आणि खाली स्ट्राइपर उभा असतो. पाठलाग करायची त्याला गरजच नाही, घास वरून आपणहून येतोय.

हिवाळ्यात ल्युअर का, याचं उत्तर यातच आहे. रबराचा मऊ शॅड, पाच ते सात इंच, पांढरा किंवा मोतिया, आणि त्यात एक औंसाचं, म्हणजे २८ ग्रॅमचं जिगहेड (शिशाचं डोकं असलेला गळ). तो खाली सोडायचा आणि गाईड सांगेल त्या खोलीवर धरायचा. नुसता धरायचा. हलवायचा नाही, झटके द्यायचे नाहीत. बोट पाण्यावर जेवढी हलते तेवढीच हालचाल त्या रबराच्या शेपटीला पुरते. तिकडे याला डेडस्टिकिंग म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं माणूस नुसता उभा आहे. पण मी पाहिलेल्या सगळ्या मासेमारीत एवढं लक्ष दुसऱ्या कशाला लागत नाही. काठावर घुंगरू आपल्या वतीने जागं असतं, इथे जागं राहायचं काम तुमच्या बोटांचं.

खोली कशी कळते? गाईड सोनारच्या, म्हणजे पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बघून सांगतो, “तळाला लावा आणि सहा फेरे वर घ्या.” रिळाच्या एका फेऱ्यात साधारण दोन-अडीच फूट दोर येतो. त्याने सहा सांगितले तर सहाच घ्या, सात नकोत. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: हा मासा वर बघून खातो. ल्युअर त्याच्या डोक्याच्या फूट-दोन फूट वर असला तर तो उठून येतो, त्याच्या पोटाखाली गेला तर बहुतेक वेळा वायाच. काही कळेनासं झालं तर वर घ्या, खाली सोडू नका.

लागल्याची खूण तीन तऱ्हांची असते. कधी ‘टक्’ असा एकच बारीक धक्का लागतो. कधी काहीच लागत नाही, फक्त दोर जड होतो, पाचोळा अडकल्यासारखा. आणि कधी दोर अचानक सैल पडतो, कारण मासा ल्युअर तोंडात घेऊन वर आलेला असतो. ही तिसरी खूण नवीन माणसाच्या हातून सुटते, कारण ओढ लागेल याची तो वाट बघत बसतो. सैल पडला की लगेच रीळ फिरवून दोर ताणून घ्या आणि रॉड वर उचला. हिसडा मारू नका. इथे वेणीसारखा विणलेला दोर असतो, तो रबरासारखा अजिबात ताणला जात नाही, हिसड्याने माशाचं तोंड फाटतं. त्यानंतर पहिली धाव त्याची असते. ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की दोर सोडणारा रिळाचा ब्रेक, बोलू द्या. दोर सुटतोय म्हणून रीळ दाबून धरलं की संपलं.

यावरून खांद्याचं उत्तरही मिळालं असेल. उभं, सरळ खाली सोडायचं काम आहे, फेकणं नाहीच किंवा अगदी थोडं. मात्र उथळ पाण्यात मासा दिसला तर काही गाईड फेकायला लावतात, तेव्हा बुकिंगच्या वेळीच सांगा की खांदा दुखरा आहे, सरळ खाली सोडायचं तेवढंच करू. चांगला गाईड दिवसाची आखणीच तशी करतो.

आता गाईड कशाला? तलाव आहे ८९,००० एकरांचा. मासा आज एका खाडीच्या तोंडाशी, उद्या जुन्या नदीपात्राच्या कडेला. मित्राची बोट असेल, पण रोज पाण्यावर असणाऱ्या माणसाला काल दुपारी थवा कुठे होता ते ठाऊक असतं, आणि पैसे त्या माहितीचे. चांगला गाईड सकाळी निघाल्यावर कितीतरी वेळ दोर टाकूच देत नाही. हळू बोट चालवत पडदा बघतो, पक्षी बघतो, पुन्हा पुढे जातो. बोटीतली माणसं अस्वस्थ होतात. तुम्ही होऊ नका, तो तेव्हाच सगळ्यात जास्त काम करत असतो.

स्वेटर-मफलरने भागणार नाही, काका. तापमानाचा आकडा बघून फसू नका. पहाटे शून्याच्या आसपास असतं, आणि बोट पळायला लागली की वारा हाडात शिरतो. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट आणि पँट. हा वरचा थर सगळ्यात महत्त्वाचा, तो जावयाकडून घ्या. सुती काही नको, ओलं झालं की वाळत नाही. बोटं उघडी राहतील असे हातमोजे, कारण दोर बोटाला कळला पाहिजे. खिशात हात शेकायच्या पुड्या. न घसरणारे बूट. आणि लाइफ जॅकेट पूर्ण वेळ अंगात, पट्टे लावून. पोहता येत असलं तरी. सात-आठ अंशांच्या पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हात काही मिनिटांत काम करेनासे होतात. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

लायसन्सचं आधी बघा. टेक्सोमा टेक्सस आणि ओक्लाहोमा यांच्या सीमेवर आहे, आणि पाण्याचा मोठा भाग ओक्लाहोमाच्या हद्दीत येतो. नुसतं टेक्ससचं लायसन्स घेतलं तर त्याच बाजूला राहावं लागतं. दोन्ही बाजूंना चालणारं वेगळं लेक टेक्सोमा लायसन्स मिळतं. बोट कुठल्या बाजूला जाणार ते गाईडला विचारा आणि ऑनलाइन काढून ठेवा. माणशी दिवसाला दहा स्ट्राइपर ठेवता येतात, त्यातले वीस इंच किंवा त्याहून मोठे दोनच. पेटीत टाकलेला मासा नंतर मोठा मिळाला म्हणून परत पाण्यात सोडून बदलता येत नाही, त्याला बंदी आहे. म्हणून ठेवायचा की सोडायचा हे हातात असतानाच ठरवा. माझं मत विचाराल तर मोठी मादी सोडून द्या. गार पाण्यात सोडलेला मासा चांगला जगतो, उन्हाळ्यात तसं नसतं.

मत्स्यबीज

नीराकाठची यांनी पाण्यावरचं सगळं सांगितलं आहे. मी मत्स्यशास्त्र शिकवायचो, म्हणून एक गोष्ट जोडतो. समुद्रातला हा मासा समुद्रापासून इतक्या दूर तलावात आला कसा?

स्ट्राइप्ड बास राहतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत चढतो. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला साउथ कॅरोलायनात सँटी आणि कूपर नद्यांवर धरणं झाली, मॅरियन आणि मोल्ट्री हे तलाव भरले आणि काही मासे धरणाच्या वर अडकले. ते मरतील असं वाटलं होतं. ते वाढले आणि तिथेच, गोड्या पाण्यात, त्यांची पिल्लं दिसू लागली. समुद्राशिवाय या माशाचं भागतं हे तेव्हा कळलं. १९६० च्या दशकात तिथल्या माँक्स कॉर्नरच्या बीजकेंद्रात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन पैदास करायचं तंत्र बसलं आणि देशभरच्या तलावांत पिल्लं सोडता आली. टेक्सोमाचं डेनिसन धरण १९४४ सालचं. तिथे १९६५ पासून १९७४ पर्यंत पिल्लं सोडली. पुढे सोडायची गरज उरली नाही.

गरज का उरली नाही, हे उजनीकाठ यांना आवडेल. या माशाची अंडी पाण्यात जेमतेम तरंगणारी असतात. फुटेपर्यंत, म्हणजे साधारण दोन दिवस, त्यांना वाहत राहावं लागतं. तळाला बसली की गाळात गुदमरतात. म्हणून लांबलचक मोकळी नदी मिळत नाही अशा बहुतेक तलावांत पिल्लं पुन्हा पुन्हा सोडावी लागतात. टेक्सोमाला वरून रेड रिव्हर आणि वॉशिटा अशा दोन लांब नद्या येतात. त्यातल्या रेड रिव्हरचं पाणी जमिनीतल्या मिठाच्या थरांमुळे खारवट असतं, म्हणून किंचित जड, आणि अंडी तरंगायला त्याचीही मदत होते.

आपल्या धरणांचंही दुखणं याच जातीचं आहे. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले. पुराच्या वाहत्या पाण्यावर अंडी घालणारे, साठलेल्या पाण्यात घालत नाहीत. म्हणून धरणांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावी लागते. ती बोटुकली तयार करता येते ती डॉ. हिरालाल चौधरींमुळे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात त्यांनी माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्पची, म्हणजे कटला-रोहूच्या कुळातल्या माशांची, पैदास यशस्वी केली. तुमच्या घुंगराला लागलेल्या कटल्यामागे तोच दिवस आहे.

टेक्सोमाला जाण्याआधी एक अभ्यास मात्र इथेच करता येईल. डिसेंबरात भिगवणला जाणं होईलच. तिथे हिवाळ्यात तपकिरी डोक्याचे कुरव येतात. पर्यटकांनी टाकलेल्या शेवेमागे फिरणारे बघू नका, लांब मोकळ्या पाण्यावरचे बघा. उंचावर सुटे सुटे घिरट्या घालतायत म्हणजे शोधतायत. एकाच जागी खाली झेपावतायत म्हणजे खालून कोणीतरी लहान मासा वर ढकलतंय. घोळका करून पाण्यावर बसलेत म्हणजे थोड्या वेळापूर्वी तिथे खाणं झालंय. टेक्सोमावर कुरवांच्या जाती वेगळ्या, पण वागणं हेच, आणि तुमचा गाईड त्यावरच बोट वळवणार आहे.

शेवाळ

मी जरा वेगळं बोलतो. मीही तिकडे होतो, स्ट्राइपरला गेलोय. आता गाईड लोकांकडे समोरचं जिवंत दाखवणारं सोनार आलंय. २०१८ मध्ये गार्मिनचं लाइव्हस्कोप आलं आणि तेव्हापासून सगळं बदललं. पडद्यावर मासा दिसतो, तुमचा ल्युअर दिसतो, मासा वर येताना दिसतो. मला ते पटत नाही. ज्या पाण्यात आपल्याला काही दिसत नाही तिथे अंदाजाने गळ टाकणं, हीच तर या नादाची गोडी आहे. काकांनी आयुष्यभर उजनीत तेच केलंय. गाईडला सांगून अर्धा तास तरी पडदा बंद ठेवायला लावावा आणि नुसत्या बोटांवर धरून बघावं.

खाण्याचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. धक्क्यावर आल्यावर गाईड मासा साफ करून देतो. कातडी काढून दोन जाड फिले, बाकी सगळं टाकून. फिलेच्या मधोमध लालसर मांसाची पट्टी असते, ती कापून काढायला सांगा, उग्र वास तिचाच. आणि डोकी, काटे मागून घ्या. त्यांना नवल वाटतं, पण कालवणाची चव त्यातच आहे. मांस पांढरं, घट्ट, पोत जिताड्याच्या जवळ जाणारा. मीठ, हळद, लिंबू लावून थोडा वेळ ठेवा, मग आलं-लसूण-मिरचीचं वाटण, वरून तांदळाचं पीठ आणि रवा. जाड तुकडा मंद आचेवर तळा, नाहीतर बाहेर करपतो आणि आत कच्चा. तिकडच्या घरात धुराचा भोंगा असतो. एक्झॉस्ट लावून, खिडकी उघडूनच तवा तापवा. कालवणाला कोकम इथूनच न्या. आमच्या बेतात सगळ्यात आधी संपलं ते डोक्याचं कालवण.

उजनीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चौधरींचं मला माहीतच नव्हतं, इतकी वर्षं कटला धरतोय. सौ. शाकाहारी आहे, पण कोकम पिशवीत टाकते म्हणाली.

अजून थोडं विचारतो. गाईडकडे सकाळ आणि दुपार अशा दोन वेळा आहेत, आपल्याला पहाटेचीच सवय. जावई म्हणतो दुपारची घेऊ. शिवाय वाऱ्यामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख, हे त्याच्या पावतीवर कुठेच नाही. आणि माझा रॉड इथून न्यावा का? हातात बसलेला आहे.

नीराकाठची

जावयाचं ऐका, दुपारची घ्या. पहाटेचं महत्त्व उथळ पाण्यात आणि उन्हाळ्यात. चाळीस-पन्नास फुटांवर उभ्या असलेल्या जानेवारीतल्या माशाला सूर्य किती वर आला याने फार फरक पडत नाही. तुम्हाला मात्र पडेल. दुपारी पाच-सात अंश जास्त असतात, बोटं हलती राहतात, आणि बोटं हलती असतील तरच तो बारीक ‘टक्’ कळतो. पहाटे रॉडच्या कड्यांत बर्फ धरतं तेही वाचेल.

वाऱ्याचं नीट विचारून घ्या. तिकडे हिवाळ्यात उत्तरेकडून अचानक थंड वारा सुटतो, त्याला ते नॉर्दर म्हणतात. दोन-तीन तासांत तापमान धाडकन उतरतं आणि मोकळ्या पाण्यावर मोठ्या लाटा उठतात. मी ज्या गाईडबरोबर जायचे तो आदल्या संध्याकाळी फोन करून सांगायचा, उद्या नाही. पैसे ठेवून घ्यायचा नाही, पुढची तारीख द्यायचा. तुमच्या गाईडकडून हेच लेखी मागा. बोटीवर किती माणसं घेणार ते विचारा, चारपेक्षा जास्त असतील तर मी तरी जाणार नाही, खाली सोडलेले दोर एकमेकांत अडकतात. राज्याचं गाईड लायसन्स आणि विमा आहे का तेही विचारा. खरा धंदेवाला या प्रश्नांना रागावत नाही. आणि तो “आज नको” म्हणाला तर आग्रह धरू नका, तुम्ही कितीही लांबून आला असलात तरी. हा वारा येण्याच्या आदल्या दिवशी आभाळ भरलेलं असताना मला सर्वात चांगले मासे लागलेत. तो येऊन गेल्यावरचा निरभ्र, कडक उन्हाचा दिवस अवघड जातो. तारीख बदलायची मुभा असेल तर हवामान बघून आदल्या दिवशीची मागा.

रॉड नेऊ नका. तुमचा तळाच्या गळाचा रॉड लांब आणि मऊ असणार. इथे साडेसहा-सात फुटांचा, टोकाला हलका आणि बुडाला ताठ असा लागतो, तो गाईड देतो. तो बहुधा बेटकास्टर, म्हणजे आडव्या फिरकीचं रीळ, पुढे करेल. सवय नसेल तर दोराचा गुंता होतो आणि थंडीत तो सोडवायचा म्हणजे वेळ जातो. स्पिनिंग रीळ मागा. टिप बिलाच्या पंधरा ते वीस टक्के देतात, ती रोख जवळ ठेवा.

शेवाळ यांच्या पडद्याबद्दल. मला दोन्ही बाजू कळतात, पण पहिल्या दिवशी काकांनी पडदा बघावाच असं मला मनापासून वाटतं. ल्युअर स्थिर धरला की खालचा मासा सरकत वर येतो, अगदी जवळ येऊन थांबतो, आणि हात जरा हलला की वळून जातो. हे एकदा डोळ्याने पाहिलं की स्थिर का धरायचं ते कुणी सांगावं लागत नाही. ते बघून झालं की मग अर्धा तास पडदा बंद करायला सांगा आणि बोटांवर धरा. गाईड आनंदाने करेल.

जाताना थोडी जागा बॅगेत रिकामी ठेवा. तिथून एक औंसाची जिगहेड आणि पांढरे रबरी शॅड घेऊन या, चेक-इनच्या सामानात, हातातल्या बॅगेत नको. गळांची टोकं झाकून ठेवा. पावसाळा सरल्यावर वरसगावला खोल कडेवर सोडून बघू, मी आणि बाबाही येऊ. खडशी (महसीर) लागली तर मात्र सोडायची, एवढं आत्ताच ठरवून टाकू.